चर्चा: ‘सुपर’ कार्डांची वाट बघायची, की आहे तेच उचलायचं?

रेंडरवाला

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतल्या ग्राफिक्स कार्डांच्या ‘सुपर’ आवृत्तीची कुजबुज बराच काळ चालू आहे: ५०७० सुपरला १८ जीबी मेमरी, ५०७० टीआय सुपर आणि ५०८० सुपरला २४ जीबी. एनव्हिडियाने जानेवारी २०२६ च्या सीईएसमध्ये यातलं काहीच दाखवलं नाही, त्याऐवजी डीएलएसएस ४.५ (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) आलं. तरीही माझं म्हणणं असं, की ज्यांचं काम सध्याच्या कार्डावर निभतंय त्यांनी थांबावं.

हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटची वाट अडवते. ५०८० ला २५६ बिटची बस (मेमरीकडे जाणारी एकूण वाट) आहे, म्हणजे आठ चिपा. आज प्रत्येक चिप २ जीबीची, म्हणून १६ जीबी. त्याच जागी ३ जीबीची चिप बसवली की २४. ५०७० ची बस १९२ बिट, सहा चिपा, १२ चे सरळ १८ होतात. बोर्ड नव्याने आखायचीही गरज नाही. ३ जीबीची जीडीडीआर७ चिप आजही वापरात आहे: लॅपटॉपच्या ५०९० मध्ये २४ जीबी त्याच चिपांमुळे आहे आणि व्यावसायिक कामाच्या आरटीएक्स प्रो ६००० मध्ये ९६ जीबीही त्यांच्याच जोरावर. एवढं समोर दिसत असताना आज ५०७० वर पैसे घालून १२ जीबीत अडकून कशाला पडायचं?

बसरुंदी

गणित बरोबर, निष्कर्ष चुकीचा. मेमरी वाढली तरी मुख्य ग्राफिक्स चिप तीच राहणार. मागच्या पिढीतल्या ४०८० च्या एडी१०३ चिपमध्ये ४५.९ अब्ज ट्रान्झिस्टर होते, ५०८० च्या जीबी२०३ मध्ये ४५.६ अब्ज. क्षेत्रफळही जवळपास तेवढंच, ३७९ आणि ३७८ चौरस मिलिमीटर. दोन्ही टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या त्याच ४एन प्रक्रियेवरच्या. ३०९० वरून ४०९० वर जाताना सॅमसंगची ८ नॅनोमीटरची प्रक्रिया सुटली आणि ट्रान्झिस्टर २८.३ अब्जांवरून ७६.३ अब्जांवर गेले, म्हणून ती झेप मिळाली. तशी झेप ‘सुपर’मध्ये येणं शक्य नाही. ‘५०७० म्हणजे ५४९ डॉलरमध्ये ४०९०’ हे एनव्हिडियाचं मंचावरचं वाक्य आठवा. ते मल्टी फ्रेम जनरेशन (एआयने मधल्या फ्रेम तयार करणं) धरून केलेलं विधान होतं. प्रत्यक्षात ५०७० मध्ये ६१४४ कूडा कोअर (गणना करणारे घटक) आहेत आणि आधीच्या ४०७० सुपरमध्ये ७१६८.

दुसरं, मेमरीचा बाजार बघा. डेटा सेंटरची मागणी एवढी आहे की मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळायचं जाहीर केलं. ३ जीबीची चिप हातात असेल तर कंपनी ती आधी आरटीएक्स प्रोमध्ये घालेल, गेमिंग कार्डाचा नंबर नंतर. वाट बघणाऱ्याला स्वस्त काही मिळणार नाही.

रुपयाचंही धरा. ५०७० टीआयची जाहीर किंमत ७४९ डॉलर, करांशिवाय. ८६ रुपयांच्या दराने ६४,४१४, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७६ हजार. भारतात किंमत जाहीर झाली ८० हजार. तोच डॉलर ९० ला धरला की हिशेब साडेएकोणऐंशीवर जातो. म्हणजे कार्डात काहीही न बदलता साडेतीन हजार वाढले.

रेंडरवाला

वेगाबद्दल वाद नाही. पण मेमरीचा प्रश्न वेगाचा नसतो, मावतं की नाही याचा असतो. ३२ अब्ज पॅरामीटरचं भाषा-मॉडेल ४ बिटमध्ये साधारण १९-२० जीबी घेतं. १६ मध्ये ते बसत नाही, २४ मध्ये बसून वर थोडी जागा उरते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही सीन मेमरीबाहेर गेला की त्याचं रेंडर इंजिन सायकल्स सिस्टीम रॅमकडे धावतं आणि रेंडरचा वेळ कुठल्या कुठे जातो. या माणसाला १५ टक्के जादा वेग नको आहे, ८ जीबी जादा हवे आहेत.

बसरुंदी

त्याला २४ जीबीच हवे असतील तर जुनं ३०९० आहे की. मेमरीचा वेग (बँडविड्थ) ९३६ जीबी प्रति सेकंद, म्हणजे ५०८० च्या ९६० च्या अगदी जवळ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ओळखीतून, पैसे देण्याआधी एक तपासणी मात्र कराच. ३०९० च्या २४ मेमरी चिपांपैकी १२ पाठीमागच्या बाजूला आहेत आणि तिथे पंख्याचा वारा पोचत नाही. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘मेमरी जंक्शन’चा आकडा समोर ठेवा आणि वीस मिनिटं भार द्या. ११० अंशांना कार्ड स्वतःच वेग तोडतं. आकडा १०४-१०६ वर जाऊन थांबत असेल तर थर्मल पॅड (चिपांची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) संपलेत असं समजा आणि ते बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. विकणारा चालू करून दाखवायला तयार नसेल तर तिथून निघा.

उष्णांक

दोघेही मेमरीत अडकलात, विजेबद्दल कुणी बोललंच नाही. ५०९० चा भार ५७५ वॅट. १२ व्होल्टवर साधारण ४८ अँपिअर, कार्डाच्या पॉवर प्लगच्या सहा तारांत वाटले की प्रत्येकीवर ८. पिनेची मर्यादा ९.५. दोन पिना नीट टेकल्या नाहीत की उरलेल्या चौघींवर १२-१२ अँपिअर येतात आणि प्लॅस्टिक वितळतं. ३०९० टीआयमध्ये तारांच्या तीन जोड्या वेगवेगळ्या मोजल्या जायच्या, त्यामुळे कार्डाला असमतोल कळायचा. ४०९० पासून सगळ्या तारा आत शिरताच एकत्र केल्या, आता कार्डाला फक्त बेरीज दिसते. नव्या १२व्ही-२x६ प्लगमध्ये सेन्स पिना (प्लग बसला का हे ओळखणाऱ्या) आखूड केल्या, त्यामुळे अर्धवट बसलेल्या प्लगवर कार्ड चालू होत नाही. सुधारणा चांगली आहे, पण तारांमधला असमतोल तिने सुटत नाही.

म्हणून ५०९० घेणाऱ्याने १००० वॅटचा, मूळ १२व्ही-२x६ केबल असलेला पीएसयू (वीजपुरवठा करणारा डबा) घ्यावा. प्लग पूर्ण आत जाईपर्यंत दाबायचा, फट दिसता कामा नये. प्लगपासून ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवायची, वाकवायची ती त्यापुढे. कॅबिनेटची काच केबलला टेकत असेल तर कॅबिनेट बदला, काटकोनी अ‍ॅडॉप्टर लावू नका. ५०७० टीआयला हा धोका बराच कमी: ३०० वॅट, तारेमागे चारेक अँपिअर. एएमडीच्या आरएक्स ९०७० एक्सटीच्या बहुतेक मॉडेलांना जुने ८ पिनी प्लगच लागतात, ज्यांचा ७५० वॅटचा पीएसयू चांगला आहे त्यांना केबलही बदलावी लागत नाही.

नागपूर-अकोल्याकडच्यांसाठी आणखी एक: खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की कार्डाचंही जवळजवळ तेवढंच वाढतं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच घटतात, उष्णता मात्र पाचव्या हिश्श्याने उतरते.

बी-साडेचारशे

ज्यांच्याकडे अजून जीटीएक्स १०६० आहे त्यांना ‘थांबा’ म्हणणं मला पटत नाही. त्या पास्कल पिढीच्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर नवे गेम रेडी ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यांनी ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी आजच घ्यावं, पण १६ जीबीचंच. दोन्ही कार्डं ८ आणि १६ अशा दोन रूपांत त्याच नावाने विकली जातात, बिलावर जीबी लिहून घ्या.

जुन्या बी४५० मदरबोर्डवर तर ८ जीबीच्या ५०६० टीआयचा विचारही करू नका. ते कार्ड बोर्डशी बोलायला फक्त आठ लेन (मार्गिका) वापरतं. बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे वाट जेमतेम ८ जीबी प्रति सेकंद. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग ४४८. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या मेमरीबाहेर सांडली की खेळ झटके खातो आणि सरासरी एफपीएसच्या आकड्यात हे दिसतही नाही. एक टक्का लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमांचा वेग) बघा, तिथे दिसतं.

रेंडरवाला

१०६० वाल्यांबद्दल सहमत, त्यांनी थांबू नये. पण ३०८० किंवा ४०७० वर १४४०पी खेळणाऱ्यांचं काय? डीएलएसएसचं ट्रान्सफॉर्मर मॉडेल २० मालिकेपासून पुढे सगळ्यांना मिळालंय. ‘क्वालिटी’ऐवजी ‘बॅलन्स्ड’ लावलं तरी चित्र पूर्वीच्या ‘क्वालिटी’ला मागे टाकतं. म्हणजे त्यांचं आहे तेच कार्ड फुकटात वेगवान झालं. त्यांना ८० हजार खर्चायला का सांगायचं?

बसरुंदी

४०७० वाल्यांना नाहीच सांगत. ३०८० च्या १० जीबीवाल्यांना सांगतो, कारण नव्या खेळांत ‘अल्ट्रा’ टेक्स्चर लावलं की तुमच्याच ‘मावतं की नाही’च्या नियमाने ते आज बाहेर पडतात. आणि डीएलएसएस ४.५ चं नवं मॉडेल ३० मालिकेवर जड पडतं, त्यांच्या टेन्सर कोअरना (एआयचं गणित करणाऱ्या घटकांना) एफपी८ हे ८ बिटचं गणित येत नाही. त्यांनी ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटी बघावं. एएमडीकडे वळणार असाल तर नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, नेट बंद करा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर साफ करून मशीन बंद करा आणि मगच कार्ड बदला. नेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं.