टीव्हीवरच्या चहाच्या जाहिरातीतलं वाफेचं इंजिन कोणतं? मदत हवी आहे

सध्या चहाची एक जाहिरात लागते, त्यात एक जुनी कोळशाची गाडी दोन-तीन सेकंदच दिसते. बाबा पाहताबरोबर म्हणाले ही आपली शकुंतलाच, म्हणजे मुर्तिजापूर-यवतमाळची अरुंद रुळांवरची गाडी! पण शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1994 लाच बंद झालं, मंग डिझेल आलं, अन् जाहिरात तर नवीन वाटते.

रूळ अरुंद आहेत, पण अडीच फुटी का दोन फुटी ते कळत नाही. इंजिन काळं, चिमणी उंच, समोर दोन छोटी चाकं, मागं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, जोडलेला. टेंडरमुळंच मी दार्जिलिंगचं बी क्लास अन् निलगिरीचं एक्स क्लास ही इंजिनं सोडून दिली, त्यांना असा टेंडर नसतो. मधली मोठी चाकं मोजायच्या आतच चहाचा कप येतो मधात.

आमच्या सेट-टॉप बॉक्सला रेकॉर्डिंग नाही, मोबाइलनं टीव्हीचा फोटो काढला तर नंबरप्लेट पांढरी फटक आली, गूगल लेन्सनं खेळणी दाखवली. यूट्यूबवर छोटी जाहिरात आहे, त्यात गाडीच कापली.

तर अशा टेंडरवालं नॅरोगेज (अरुंद रुळांचं) इंजिन शूटिंगसाठी आजही कुठं चालू हालतीत मिळते का, अन् शकुंतलेच्या झेडडी क्लासच्या वाफेच्या इंजिनापेक्षा ते वेगळं आहे हे एका झलकेत कशावरून ओळखायचं?