मदत हवी आहे : ‘फेन्सिंग’ या शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांसाठी मराठी प्रतिशब्द

नमस्कार. शाळकरी मुलांसाठीच्या एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या नोंदी मी सध्या तपासत आहे आणि ‘फेन्सिंग’ या नोंदीपाशी चार दिवस अडून बसले आहे. कच्च्या मजकुरात ‘कुंपण घालणे’ एवढाच अर्थ दिलेला असून, त्याखालच्या उदाहरणाचा अनुवाद ‘चोरीच्या दागिन्यांना कुंपण घातल्याबद्दल सराफाला अटक झाली’ असा केला आहे. सराफाने चोरीचे दागिने जाणूनबुजून विकत घेतले आणि पुढे खपवले, असे मूळ वाक्याचे म्हणणे होते. असले वाक्य मुलांच्या हाती पडू नये, असे मला मनापासून वाटते.

कुंपणाच्या अर्थाला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. कोकणात नुसते दगड एकावर एक रचून केलेला गडगा, फांद्या-काटक्यांची वई, घाटावर बाभळीच्या फांद्यांचे काटेरी कुंपण आणि अलीकडे रानडुकरांना अडवण्यासाठी शेतकरी लावतात ते सौरकुंपण, हे सारे मी नोंदीत घेत आहे.

खेळासाठी ‘तलवारबाजी’ हा शब्द रूढ आहे. 2021 साली टोकियोला भवानी देवी या ऑलिंपिकमध्ये या खेळात उतरणाऱ्या पहिल्या भारतीय खेळाडू ठरल्या, तेव्हा बातम्यांमध्येही तोच होता. मात्र या खेळात फॉइल, एपी आणि सेबर अशी तीन शस्त्रे असतात. पहिल्या दोहोंत केवळ टोकाच्या स्पर्शाला गुण मिळतो, तर सेबरमध्ये पात्याचा स्पर्शही चालतो. ‘तलवारबाजी’ म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे फक्त वार करणे येते. ‘फरीगदका’ आपल्या मातीतला शब्द खरा, पण तो वेगळा खेळ असल्यामुळे मला तो येथे वापरणे योग्य वाटत नाही.

खरी अडचण चोरीच्या मालाची आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 411 मध्ये आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये चोरीची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वीकारण्याचा गुन्हा येतो. परंतु ‘स्वीकारणे’ या क्रियापदात तो माल पुढे विकण्याचा भाग उतरत नाही. ‘चोरीच्या मालाची खरेदी-विक्री’ हे अचूक आहे, पण तो व्यवहार करणाऱ्या माणसाला एका शब्दात काय म्हणावे? पोलीस, वकील किंवा सराफी पेठेतील मंडळींच्या बोलण्यात असा शब्द असल्यास कृपया सांगावा.

प्रश्नांना बगल देत बोलणे हा अर्थ ‘उडवाउडवीची उत्तरे देणे’ याने भागतो.

आणखी एक विचारायचे आहे. हा इंग्रजी शब्द ‘डिफेन्स’चे पहिले अक्षर गळून झालेला असल्याने कुंपण आणि तलवार या दोहोंच्या मुळाशी ‘बचाव’ आहे. ते मूळ आधी सांगून सर्व अर्थ एकाच नोंदीत ओळीने द्यावेत, की दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी स्वतंत्र नोंदी कराव्यात? शब्दकोशाचे काम केलेल्यांनी अनुभव कळवल्यास आभारी राहीन.