दोन बाळंतपणांत कमी अंतर : तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. माझ्या दोघांत १३ महिन्यांचं अंतर. अंगावर पाजतेयस ना मग दिवस राहत नाहीत, हे इतक्या जणींनी सांगितलेलं की मी धरूनच चालले होते. पाळी आलीच नव्हती त्यामुळे शंकाही नाही आली. नंतर डॉक्टर म्हणाल्या, बीज आधी सुटतं, पाळी मागाहून. आणि पाजण्याचा भरवसा धरायचा तर बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं, पाळी बंद हवी आणि दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध हवं. मी रात्री वरची बाटली द्यायचे, तेवढीच झोप. तिथेच फसले. दुसऱ्या खेपेला हिमोग्लोबिन ७, जिना चढला की कानात धडधड ऐकू यायची, आणि बाळ ३५व्या आठवड्यातच आलं, १९०० ग्रॅम. पहिलीला कडेवर घेऊन काचेतून दुसऱ्याला बघत उभी असायचे.

*

माझं पहिलं सिझर, दहाव्या महिन्यात परत दिवस. यावेळी नॉर्मल हवं म्हणून हट्ट धरलेला. डॉक्टरांनी कागदावर गर्भाशय काढून दाखवलं, म्हणाले वरचे टाके सुकले म्हणजे आतला व्रण पक्का झाला असं नाही, दोन बाळंतपणांत १८-१९ महिन्यांपेक्षा कमी अंतर असलं की कळांच्या जोराने तो उसवायचा धोका वाढतो. वार (प्लासेंटा) जुन्या व्रणावर चिकटलीय का तेही सोनोग्राफीत दोनदा बघितलं. नव्हती. मुकाट्याने दुसरं सिझर केलं.

*

बायकोचं झालं तेव्हा मला वाटायचं थकवा काय सगळ्यांनाच येतो. रिपोर्ट बघून ओशाळलो. बास एवढंच.

*

वॉर्डात नर्स आहे म्हणून लिहिते. डब्ल्यूएचओ २४ महिने म्हणते ते बाळंतपणापासून पुढचे दिवस राहण्यापर्यंत, दोन मुलांच्या वयातलं अंतर नव्हे! म्हणजे मुलांत जवळजवळ पावणेतीन वर्षं. तांबी (कॉपर-टी) बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते हे सांगितलं की निम्म्या जणी म्हणतात "यांना विचारते", आणि "हे" तेव्हा बिलाच्या रांगेत असतात.

*

इथे सगळं वाचून माझ्यासारखीला धडकीच भरेल. मी ३८ ची, दोन वर्षं थांबायला वेळच नव्हता. वय पण धोकाच ना. डॉक्टरांशी बोलून वर्षभर थांबले, तपासण्या केल्या, फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून घेतलं, सगळं नीट पार पडलं.

*

माझा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झालेला. त्यासाठी ६ महिने थांबा असा जुना सल्ला आहे, पण नंतरच्या अभ्यासांत लवकर राहिल्याने तितका धोका दिसलेला नाही असं मला सांगितलं. चौथ्या महिन्यात राहिले. मुलगी आत्ता शेजारी भिंत रंगवतेय.

*

बाळ ८ महिन्यांचं, सिझर, काल दोन रेघा आल्या. घरी अजून कुणाला बोलले नाहीये. काय करू?

*

अगं, आधी श्वास घे. मग पहिल्या सिझरचे कागद शोध, ऑपरेशनची तारीख आणि टाका कसा घेतला ते त्यात असतं, आणि याच आठवड्यात दाखवून ये. हिमोग्लोबिन पहिल्याच दिवशी करायला सांग, त्यांनी लिहून द्यायची वाट बघू नकोस. ठेवायचं की नाही हेही मोकळेपणाने विचार, काय ठरवायचं ते तूच ठरव.