शब्दचर्चा : ‘मनन’ म्हणजे नेमकं काय करायचं?
(उत्तरं देणारे तिघे टोपणनावांनी : द्राक्षवेल, पायरी, उतारा)

प्रश्न
बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत पहिल्याच स्तोत्रात धन्य माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्राचं ‘रात्रंदिवस मनन करतो’ असं येतं. उपदेशातही ‘वचनावर मनन करा, देवाशी जवळीक वाढेल’ असं ऐकू येतं. मग मनन म्हणजे विचार करणं, की डोळे मिटून शांत बसणं? ‘चिंतन’ म्हणतात ते हेच का?

द्राक्षवेल
मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’, आणि त्यात आवाज आहे. यशया ३१:४ मध्ये सिंह शिकारीवर गुरगुरतो, ३८:१४ मध्ये आजारी राजा हिज्कीया पारव्यासारखा कण्हतो. दोन्हीकडे हेच क्रियापद. यहोशवा १:८ मध्ये तर नियमशास्त्र मुखातून ढळू देऊ नकोस असं बजावून लगेच मनन करायला सांगितलंय. म्हणजे ओठ हलणं अपेक्षित आहे. आपल्याकडे वेदान्तातली श्रवण, मनन, निदिध्यासन (ऐकणं, विचार करणं, सतत ध्यान) ही त्रयी कानात बसलेली, त्यामुळे मनन म्हटलं की युक्तिवादाने शंका फेडणं असा अर्थ आधी सुचतो. स्तोत्रकर्त्याला अभिप्रेत आहे ते पुटपुटणं, वचन तोंडात घोळवणं.

आणि हे क्रियापद आपोआप पवित्र होत नाही. दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीत लोक व्यर्थ बेत करतात, तिथेही ‘हागा’च. कुणाचा अपमान दिवसभर घोळवत बसणं हाही त्याच क्रियेचा प्रकार.

पायरी
‘चिंतना’बद्दल. बाराव्या शतकातल्या गीगो दुसरा या कार्थुशियन (ख्रिस्ती संन्यासी पंथ) मठवासीयाने चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चौथी म्हणजे काही न मागता, न बोलता देवासमोर असणं. या चौथीलाही चिंतन म्हणतात आणि प्रवचनातल्या विचारांनाही चिंतनच म्हणतात. घोळ तिथे होतो. माझ्या मते चौथीला ‘निवांत सहवास’ म्हणावं. मनन दुसऱ्या पायरीवर आहे, ती चुकवून थेट चौथीवर बसायला गेलं की डुलकी तरी लागते, नाहीतर उद्याची कामं आठवतात.

प्रश्न
प्रत्यक्षात कसं करायचं?

उतारा
वीस मिनिटं पुरतात. उतारा लहान घ्या, सहा ते दहा वचनांचा. मार्क १०:४६–५२ नवख्याला उत्तम : आंधळा बार्तीमय, सात वचनं. दोनदा मोठ्याने, सावकाश वाचा. जिथे मन अडकेल तिथेच थांबा, पुढे जायची घाई नको. समजा येशूच्या प्रश्नावर अडकलात : मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तेवढंच वाक्य पाच मिनिटं हळू आवाजात म्हणत राहा, कधी ‘तुझ्यासाठी’वर जोर देऊन, कधी ‘काय’वर. मग उत्तर द्या, तेही उच्चारून आणि स्पष्ट. बार्तीमयाने ‘दया कर’ अशी हाक आधीच मारली होती. तरी येशूने विचारलं आणि त्याला ‘मला दृष्टी यावी’ असं नेमकं सांगावं लागलं. ‘सगळ्यांना आशीर्वाद दे’ हे उत्तर नव्हे. शेवटची दोन-तीन मिनिटं गप्प.

बिघडतं कुठे? अख्खा अध्याय घेतला की त्याचा अभ्यास होतो. अभ्यास हवाच, पण वेगळ्या वेळी. बायबल मोबाइलवर असेल तर सूचना बंद करा, त्यापेक्षा छापील प्रत बरी. रोज कुठलंही पान उघडून वचन शोधलं की संदर्भ सुटतो आणि आपल्याला हवं तेच सापडतं. एक शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक, जसं मार्क) ओळीने घ्या. काही जाणवलं नाही म्हणून सोडू नका : ८८वं स्तोत्र हिब्रूत ‘अंधार’ या शब्दावर संपतं, तरी सुरुवातीपासून ते देवालाच हाक मारत असतं. कोरड्या दिवसांत तेच पुटपुटावं.

द्राक्षवेल
जवळीक या शब्दावर एक भर. नवविधा भक्तीत, म्हणजे भक्तीच्या नऊ प्रकारांत, दास्य सातवं, सख्य (मैत्री) आठवं. योहान १५:१५ मध्ये येशू शिष्यांना तीच पायरी चढवतो : यापुढे दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. मात्र आधीच्याच वचनात अट आहे, मी सांगतो ते कराल तर. त्याच अध्यायात ४ ते १० या वचनांमध्ये ‘राहणे’ हे क्रियापद मूळ ग्रीकमध्ये दहा वेळा येतं आणि दहाव्या वचनात ते थेट आज्ञा पाळण्याशी जोडलंय. म्हणून सख्य म्हणजे सलगी नव्हे. मननातून आज पाळायची एक गोष्ट हाती लागली नाही, तर ते अर्ध्यावर राहिलं.

उतारा
सहमत, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा माणसांशी निगडित असते. मत्तय ५:२३–२४ पाहा. वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा, मग परत यायचं. मननात एखाद्याचं नाव वारंवार वर येत असेल तर त्याला लक्ष विचलित होणं समजू नका. मनन झाल्यावर त्याला फोन करा.