मदत हवी आहे: कंपनी फी भरतेय पण बाँड घालतेय, सही करू का? (मेलबर्न, डिसॅबिलिटी सपोर्ट)

नमस्कार मंडळी,

मी टार्नीटला राहते. एनडीआयएसमध्ये (अपंगांसाठीची सरकारी योजना) सपोर्ट वर्कर आहे, कॅज्युअल, म्हणजे ठरलेल्या तासांची हमी नाही. या कामाचं सर्टिफिकेट थ्री नवऱ्याच्या व्हिसावर असताना पदरची सगळी फी भरून केलं. आता पीआर (इथे कायम राहायचा परवाना) हातात आहे आणि पुढे शिकायचंय. या लाइनमध्ये आपली बरीच मंडळी आहेत, म्हणून इथे विचारते.

काम मला आवडतं. पंचविशीतल्या एका मुलाकडे जाते, तो बोलत नाही. हॉइस्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) उचलताना स्लिंगचा (त्याच्या झोळीचा) पट्टा मांडीखाली दुमडला तर तो ओरडत नाही, नुसती डावी मूठ आवळतो. ते ज्याला दिसतं त्यालाच तिथे पाठवावं. तेव्हा 'बीकॉम करून आयाचं काम करतेस का' म्हणणाऱ्या सांगलीच्या आत्याचं तोंड बंद करायला मला शिकायचं नाहीये. पण सकाळी दोन तास, मग मधला सगळा वेळ गाडीत बसून, पुन्हा संध्याकाळी दोन तास, आणि पार्टिसिपंट (ज्याच्याकडे मी कामाला जाते तो) हॉस्पिटलात गेला की माझी कमाईही बंद, असं किती वर्षं रेटणार? कंबरही कुरकुरायला लागलीय.

कंपनीने पत्र दिलंय. सर्टिफिकेट फोर इन डिसॅबिलिटी सपोर्टची फी ते भरणार, पण कॉलेज त्यांनी ठरवलेलं, खाजगी. प्लेसमेंट (कोर्समधला प्रत्यक्ष कामाचा सराव) त्यांच्याकडेच, ही मोठी सोय. बदल्यात दोन वर्षं त्यांच्याकडे राहायचं, आधी सोडलं तर सगळी फी शेवटच्या पगारातून कापणार. गंमत म्हणजे आठवड्याला किती तास देणार, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. म्हणजे बांधलेली मी, ते मोकळे.

दुसरा मार्ग फ्री टॅफेचा, म्हणजे सरकारी कॉलेजात बिनफीचा कोर्स. पीआर असल्यामुळे तो आता मला खुला आहे, पण दिवसाचे वर्ग आणि माझ्या शिफ्टा यांचा मेळ बसत नाही.

तिसरं म्हणजे युनिव्हर्सिटी, सोशल वर्क किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी). पीआरला कॉमनवेल्थ सपोर्टेड जागा मिळते, म्हणजे फी इथल्या लोकांइतकीच. पण हेक्स-हेल्पचं कर्ज (फीसाठीचं सरकारी कर्ज, नागरिकांना मिळतं ते) मिळत नाही, पैसे प्रत्येक सेमिस्टरला रोख. सोशल वर्कला वर 1000 तासांची प्लेसमेंट. नागरिकत्वापर्यंत थांबावं का? कोणी या वाटेने गेलंय का?

प्रतिसाद

ताई, आहे त्या मसुद्यावर सही नको. फी परत घेण्याची अट घालणंच बेकायदा आहे असं नाही, पण पगारातून कापायला तुमची लेखी संमती लागते आणि ती कपात मुख्यतः तुमच्या फायद्याची असावी लागते. अवाजवी कपातीचं कलम कामगार कायद्यात, म्हणजे फेअर वर्क अ‍ॅक्टमध्ये टिकत नाही. म्हणून रक्कम महिन्यागणिक कमी होत जाईल असं लिहून घ्या, आणि त्यांनी शिफ्टा कमी केल्या तर बाँड सुटेल हेही. फेअर वर्क ऑम्बुड्समनला (कामगार हक्कांचं सरकारी कार्यालय) 13 13 94 वर फोन करा, फुकट सांगतात.

प्रतिसाद

मी टीम लीडर आहे, दुसऱ्या कंपनीत. सर्ट फोरचा कागद आला म्हणून पगार आपोआप वाढेल या भरवशावर राहू नका. स्कॅड्स अवॉर्डमध्ये (आपल्या क्षेत्राचे पगाराचे नियम) लेव्हल बघतात ती काम काय करता यावर. कोर्स झाल्यावर कोणतं पद आणि कोणती लेव्हल, हे आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

आणि फीच्या आधी पर्मनंटचं बघा. ऑगस्ट 2024 पासून कॅज्युअल माणसाला सहा महिन्यांनंतर स्वतःहून पर्मनंट मागता येतं (पंधरापेक्षा कमी माणसांची कंपनी असेल तर वर्षाने). तुमचं काम ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी चालत असेल तर नक्की मागा. आजारपणाची रजा मिळते, शिवाय ठरलेले तास. पंचवीस टक्के कॅज्युअल लोडिंग (रजा नसल्याबद्दलचा जादा पगार) जातं म्हणून आपली माणसं कचरतात. मला तो हिशोब कधीच पटला नाही.

प्रतिसाद

सोशल वर्क की ओटी हे ठरवताना एक लक्षात ठेवा. जुलै 2025 पासून प्लेसमेंटच्या काळात सरकार जे प्रॅक पेमेंट देतं ते टीचिंग, नर्सिंग, मिडवाइफरी आणि सोशल वर्कला आहे, ओटीला नाही. त्यातही उत्पन्नाची अट असते. नागरिकत्वाला एकूण चार वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. डिपेंडंट व्हिसावरचा काळही चारांत धरतात, त्यामुळे तुम्हाला वाटतं तितकं लांब नसेल. तोवर सर्ट फोर उरकून घ्या, हेक्स मिळाल्यावर युनि.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पर्मनंटचं मला कोणी बोललंच नव्हतं, रॉस्टर (शिफ्टांचं वेळापत्रक) बघणाऱ्या बाईही काही बोलल्या नव्हत्या. आधी तो अर्ज टाकते, मग लेव्हलचं मेलवर विचारते, तोंडी नाही. वेरिबी किंवा फुट्सक्रे बाजूला सर्ट फोरचे संध्याकाळचे वर्ग कोणी केले असतील तर कृपया सांगा, पत्राला उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.