'द' चालला म्हणे!

गंगाघाटकर: सकाळी इथे कुणीतरी ज्ञान पाजळलंय: 'इंग्रज स्वतःच "द" (the) हे उपपद टाकून द्यायला लागलेत. युक्रेन बघा, फेसबुक बघा. मग आठवीच्या पोरांचे मार्क कशाला कापता?' अहो, युक्रेनचा 'द' मागे पडला तो 1991 साली देश स्वतंत्र झाल्यावर, कारण 'द' लावला की तो कुणाच्या तरी राज्यातला मुलूख वाटायचा. साहेबांच्या काळात 'द पंजाब', 'द डेक्कन' म्हणत, त्यातलाच प्रकार. फेसबुकने 2005 साली नावातून काढला तो धंद्यापायी. ही सगळी विशेषनामं. साध्या बोलण्यात 'मिल्क इज इन फ्रिज' म्हणून बघा, समोरचा लगेच ओळखेल की पाव्हणा बाहेरचा.

मखमलाबादी: विशेषनामं म्हणून झटकू नका. ब्राउन कॉर्पस हा मजकुराचा संग्रह घ्या, 1961 सालची छापील अमेरिकन इंग्रजी, साधारण दहा लाख शब्द. त्यात 'द' सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात सात. पुढे 1990 च्या दशकात त्याच साच्यात पुन्हा मजकूर गोळा केला, तर प्रमाण उतरलेलं. कारणही दिसतं. 'द प्रेसिडेंट ऑफ द कंपनी'चं झालं 'द कंपनी प्रेसिडेंट'. वर्तमानपत्रांनी 'द सिंगर अमुक' सोडून नुसतं 'सिंगर अमुक' धरलं. आयफोनवाले जाहिरातीत 'द आयफोन' म्हणतच नाहीत.

गंगाघाटकर: स्वतःचंच उदाहरण नीट वाचा. दोनाचा एक झाला, शून्य नाही! नामं एकमेकांना चिकटली म्हणून जागा कमी झाल्या, जागेचा नियम तोच. आणि उलटा प्रवाह विसरलात. ब्रिटिश पेशंट 'इन हॉस्पिटल' असतो, भेटायला आलेला 'इन द हॉस्पिटल'. अमेरिकन दोघांनाही 'द' लावतो. 'इन फ्यूचर', 'इन द फ्यूचर'चंही तसंच.

पाटीवाचक: तुमचं चालू द्या. आधी मला सांगा, गावातल्या पतसंस्थांच्या पाट्यांवर व्यंजनाच्या आधी 'दि' का? स्वराआधी 'दि', व्यंजनाआधी 'द', एवढं साधं.

इंदिरानगरची: साधं नाही, दादा. अक्षर नाही, उच्चार बघायचा. स्पेलिंग 'यू'ने सुरू होतं तरी 'द युनिव्हर्सिटी', आणि 'एच'ने सुरू होतं तरी 'दि अवर'. शिवाय जोर देऊन म्हटलं की व्यंजनाआधीही 'दी'च होतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने तर 2022 मध्ये नुसत्या 'द'वर ट्रेडमार्क मिळवला, तो तिथे ठासून 'दी'च म्हणतात. पाटीवरचा 'दि' त्याच थाटातला. उलट हल्ली कित्येक तरुण इंग्रज 'दि ॲपल'ऐवजी घशात झटका देऊन 'द ॲपल' म्हणतात.

पाटीवाचक: थाट कसला डोंबलाचा! संस्था मराठी, सभासद मराठी, पाटीवर मात्र 'दि' आणि 'को-ऑप.'. 'सहकारी' लिहिताना हात दुखतो? मराठीला उपपद लागत नाही, लागणारही नाही.

इंदिरानगरची: उपपद लागत नाही, पण काम होतंच की. 'मुलगा शोधतायत' म्हणजे लग्नाचं स्थळ. 'मुलाला शोधतायत' म्हणजे पोरगं गर्दीत हरवलंय. तो 'ला' तिथे 'द'चंच काम करतोय. पोरांना हे दाखवलं की निम्मा गोंधळ मिटतो. नंतर एकच प्रश्न: 'कोणता?' असं समोरच्याला विचारावं लागेल का? लागणार नसेल तर 'द'. नावांचं मात्र पाठच करायचं. नदीला हवा: 'द गोदावरी'. रस्त्याला नको: 'ऑन कॉलेज रोड'. हायवेला हवा: 'द मुंबई-आग्रा हायवे'. पोरं चुकतात ती इथेच, कारण 'रोड' आणि 'हायवे' त्यांना सारखेच.

मखमलाबादी: पाठ करून काय होणार? लॉस एंजेलिसचा माणूस हायवेचा नंबर सांगताना 'टेक द 405' म्हणतो, सॅन फ्रान्सिस्कोचा नुसतं 'टेक 101'. एकाच राज्यातली ही तऱ्हा, आणि लाल पेन मात्र आपल्या पोरांच्या वहीवर!

गंगाघाटकर: आठवीचं पोरगं कॅलिफोर्नियात गाडी चालवायला निघालं असेल तर ठीक आहे, तिथला मार्क नका कापू.

मखमलाबादी: उपकार झाले. आणि 'द कॉलेज रोड'चा?

गंगाघाटकर: अर्धा.

पाटीवाचक: पतसंस्थेचा पूर्ण कापा.