मदत हवी आहे : ४८६ मध्ये हार्डडिस्कऐवजी सीएफ कार्ड, 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' जात नाही

नमस्कार मंडळी,

बाबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपती मंडळांचे अहवाल. तो बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तिथला ४८६ डीएक्स२-६६ (नव्वदच्या दशकातला पीसी) माळ्यावर पडून होता, तो मी खाली काढलाय. ८ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२ आणि आयसा स्लॉटमध्ये (जादा कार्ड बसवायची खाच) सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड. डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायचं ते या कार्डामुळे. त्याच फायली दुसऱ्या पीसीवर उघडल्या की रेघा, चौकोन आणि ग्रीक अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळे एम्युलेटरचा (नव्या पीसीवर जुन्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा) सल्ला कृपया नको, मला हेच मशीन चालवायचंय.

मूळ हार्डडिस्क २१० एमबीची. फिरते, पण पिठाच्या गिरणीसारखी घरघरते आणि तीनदा चालू केलं तर एकदा बूट होते. म्हणून ४ जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी) कार्ड आणि ते हार्डडिस्कच्या केबलला जोडणारा ४० पिनांचा साधा आयडीई ॲडॉप्टर आणला.

पहिल्यांदा 'एचडीडी कंट्रोलर फेल्युअर' आलं. रिबन केबल उलटी लागली होती, लाल कड १ नंबरच्या पिनेकडे हवी (हसू नका). आता बायॉसच्या (मशीन चालू होताना पहिला चालणारा प्रोग्राम) ऑटो-डिटेक्टमध्ये कार्ड दिसतं : ७७४५ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर (डिस्कवरची जागा या तीन आकड्यांनी सांगतात). बायॉस १९९३ चा, एलबीए (जागा सरळ सेक्टर क्रमांकाने सांगायची पद्धत) नाही. अशा बायॉसची ५०४ एमबीची मर्यादा वाचून माहीत होती, म्हणून लॅपटॉपवर लिनक्समध्ये जीपार्टेड या पार्टिशन पाडणाऱ्या प्रोग्रामने मुद्दाम ५०० एमबीचंच फॅट१६ पार्टिशन केलं, बूट फ्लॅग ('इथून सुरू हो' ही खूण) लावला, डॉसच्या फायली टाकल्या. तरी 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'. फ्लॉपीवरून 'एफडिस्क /एमबीआर' (पहिल्या सेक्टरातला बूट कोड नव्याने लिहिणारी डॉसची आज्ञा) झालं, फरक नाही. 'डीआयआर सी:' केलं तर 'इनव्हॅलिड मीडिया टाइप'. लॅपटॉपला तेच कार्ड लावलं की सगळं ठणठणीत.

दुसरी अडचण. जुनी डिस्क यूएसबी ॲडॉप्टरने लॅपटॉपला लावली तर फिरते, पण दिसत नाही. बाबांचं सगळं काम तिच्यातच आहे.

प्रतिसाद १

कार्ड कॅमेऱ्याचं असेल. ती स्वतःला 'रिमूव्हेबल' सांगतात. इंडस्ट्रियल ग्रेडचं घ्या.

प्रतिसाद २

वरचा सल्ला विंडोज एक्सपीवाल्यांना लागू. डॉस ते विचारतही नाही, खर्च करू नका.

दादा, पार्टिशनचा आकार बरोबर आहे, त्याची सुरुवात चुकली आहे. जीपार्टेड आपणहून पहिलं पार्टिशन १ एमबीवर, म्हणजे २०४८ व्या सेक्टरवर सुरू करतं. हल्लीचे प्रोग्राम डिस्कला २५५ हेड धरतात, म्हणून त्या जागेचा पत्ता लिहिला जातो सिलिंडर ०, हेड ३२, सेक्टर ३३. तुमच्या बायॉसच्या लेखी हेड आहेतच १६. ३२ नंबरचा हेड आणणार कुठून? तो भलताच सेक्टर उचलतो, त्यात बूटची खूण नसते, मग 'मिसिंग'. त्याच्या हिशेबाने तीच जागा २/०/३३ आहे. लॅपटॉप सरळ सेक्टर क्रमांकाने वाचतो, म्हणून तिथे बोंब नाही.

उपाय : कार्डाची सुरुवातीची १ एमबी लॅपटॉपवर शून्यांनी भरा. (डीडी, म्हणजे त्यासाठीची लिनक्सची आज्ञा, चालवताना ड्राइव्हचं नाव दोनदा वाचा, नाहीतर लॅपटॉपच पुसाल.) बायॉसमध्ये ऑटो सोडून युजर टाइप (आकडे हाताने भरायचे), १०२३/१६/६३. मग पार्टिशन ४८६ वरच करायचं : डॉसचा एफडिस्क, ॲक्टिव्ह करा, रीस्टार्ट, 'फॉरमॅट सी: /एस'. नुसत्या फायली कॉपी करून डॉस बूट होत नाही, बूट सेक्टरही डॉसचाच लागतो. एकदा हे झालं की पुढच्या फायली लॅपटॉपवरून खुशाल टाका.

जुनी डिस्क यूएसबीला न दिसण्याचं कारणही याच कुळातलं. त्या काळच्या पुष्कळ डिस्कना एलबीए कळत नाही आणि यूएसबी ॲडॉप्टर तेवढंच बोलतो. तिला ४८६ वरच वाचा. दोन्ही एकाच केबलवर, डिस्क मास्टर (पहिली) आणि कार्ड स्लेव्ह (दुसरं). जमलं नाही तर डॉस ६ मधलं इंटरलिंक (दोन पीसी केबलने जोडून फायली हलवणारा प्रोग्राम) आहेच. पण आधी डेटा, प्रयोग नंतर. घरघरणारी डिस्क उगाच चालू ठेवू नका.

प्रतिसाद ३

डिस्क राहू द्या, आधी मदरबोर्ड बघा. कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी, पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली आहे का? ती निकेल-कॅडमियमची. गळते आणि आजूबाजूचे ट्रॅक खाते. हिरवं दिसलं तर आजच कापून काढा, व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. आणि त्याआधी बायॉसचे आकडे कागदावर लिहून ठेवा, बॅटरी गेली की तेही जातात.

धागाकर्ता

प्रतिसाद २, साष्टांग नमस्कार. शून्यं भरली, १०२३/१६/६३ टाकलं, एफडिस्क, फॉरमॅट, आणि थेट सी: प्रॉम्प्ट. बॅटरी निळीच निघाली, दोन पायांशी हिरवी बुरशी धरलेली. कापली.

दोन डिस्क मात्र एकत्र नांदेनात. दोन तास गेले. शेवटी जुन्या डिस्कवरचं झिजलेलं लेबल टॉर्च धरून वाचलं : 'एकटी मास्टर' आणि 'स्लेव्हसोबत मास्टर' यांचे जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) वेगवेगळे! एक जंपर हलवला आणि दोन्ही दिसल्या. सगळ्या फायली कॉपी करायला एक्सकॉपी /एस /ई लावलं. तीन ठिकाणी 'ॲबॉर्ट, रिट्राय, फेल' आलं, दर वेळी आर दाबत बसलो. दोन फायली चौथ्या-पाचव्या झटक्यात सुटल्या, तिसरी नाहीच. ती कुणाची तरी लग्नपत्रिका होती, लग्न केव्हाच लागलं असणार.

आता कार्ड एकटंच मास्टर आहे. बाबा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चालू आहे का रे? आवाज नाही येत." मग १९९४ चा एका मंडळाचा अहवाल उघडून दिला, तर चष्मा लावून त्यातली शुद्धलेखनाची चूक काढली.

त्यांना तो आता कागदावर हवाय. २४ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, रिबन पार वाळलीये. पुण्यात तपकीर गल्लीत अजून कुणी रिबनला शाई भरून देतं का?